विम्याच्या दाव्यातील माणसे

जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. महाविद्यालयात असताना ती अर्पणपत्रिका मी ओझरती वाचली होती. तिचे मोल उमगले ते ‘झाँग’ जहाजाची हकीगत वाचल्यावर.

१७८१ साली हे ब्रिटिश जहाज पश्चिम आफ्रिकेहून ४४२ बंदिवान घेऊन जमैकाच्या ऊसमळ्यांकडे निघाले. वाट चुकली, प्रवास लांबला. पाणी पुरणार नाही असे सांगत खलाशांनी सुमारे १३० जणांना जिवंतपणी समुद्रात लोटले. त्यांतील एक जण दोर पकडून पुन्हा जहाजावर चढला. त्याचे नाव कुठेही नोंदलेले नाही.

रोगाने मेलेल्या गुलामाची भरपाई विम्यात मिळत नसे. जहाज वाचवण्यासाठी टाकलेल्या ‘माला’ची मात्र मिळे. मालकांनी दरडोई ३० पौंड मागितले. १७८३ मध्ये लंडनला खटला चालला तो विम्याचा. एकेकाळी स्वतः गुलाम असलेल्या ओलाउदा इक्वियानो यांनी ही वार्ता ग्रॅनव्हिल शार्प यांच्या कानी घातली. शार्प यांनी धडपड केली, तरी खुनाचा खटला कोणावरही झाला नाही. पुढे गुलामविरोधी चळवळीने मात्र हे प्रकरण विसरू दिले नाही.

अटलांटिकपार सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे नेली गेली, हे वाक्य मी अनेकदा लिहिले आहे. आता ते लिहिताना हात थबकतो. माणसांचा आकडा करणे, हीच तर त्या व्यापाराची रीत होती.