विश्वामित्रीचा काठ रिकामा नाही

नवापूरचे स्टेशन आपल्या वाचकांना सांगायला नको. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. आमच्या कॉलेजची सहल सुरतेकडे निघाली की मुले तिथल्या सीमेवरच्या बाकाशी फोटो काढल्याशिवाय राहत नाहीत. माझी मावशी लग्न होऊन बडोद्याला गेली, त्यामुळे लहानपणापासून मी ही सीमा इतक्या वेळा ओलांडली आहे की ती सीमा आहे हेच विसरायला होते.

मागच्या डिसेंबरात दोन सुट्ट्या जोडून आल्या, म्हणून पुन्हा गेले. सुरतेला गाडी बदलली. पुढे भरूचला नर्मदेचा पूल आला तसे डब्यातले बोलणे थांबले. समोरच्या आजींनी हात जोडले, नातवाच्या हातून एक नाणे पाण्यात सोडले. मीही हात जोडले. आपल्या जिल्ह्यातून जाताना मला ही नदी वेगळी आठवते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली जी 33 गावे आली, ती आपल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. पुनर्वसन वसाहतींतली मुले आज माझ्या वर्गात बसतात.

मावशीचे घर बडोद्याच्या समा भागात आहे. विश्वामित्री नदी तिथून फार लांब नाही. बैठकीच्या खोलीत शिरताच भिंतीवरची एक फिकट रेघ दिसली, माझ्या छातीच्या उंचीची. ऑगस्ट 2024 च्या पुराची. वरच्या बाजूला पाऊस, आजवा तलाव भरलेला आणि शहरातही पाऊस. काळ्या घोड्याच्या पुलाजवळ नदीची धोक्याची पातळी 26 फूट धरतात. त्या वेळी पाणी पस्तीस फुटांच्या आसपास गेले. मावशी आणि घरचे सगळे तीन दिवस गच्चीवर होते. नंतर सगळ्या घराला रंग दिला, पण ती रेघ मावशीने पुसू दिली नाही. "राहू दे," म्हणाली, "नाहीतर हे लोक विसरतात."

त्याआधी 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ 20 इंच पाऊस पडला होता. त्याही वेळी रस्त्यांत मगरी आल्या. बाहेरच्या माणसाला ही बातमी गमतीची वाटते, बडोदेकरांना नाही. विश्वामित्री मगरींची नदीच आहे. 2025 च्या गणनेत तिथे चारशेहून अधिक मगरी मोजल्या गेल्या. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत इतक्या मगरी असणे ही जगातही विरळाच गोष्ट. सकाळी पुलावर थांबलो तर खाली चिखलाच्या उतारावर एक भलीमोठी मगर ऊन खात पडली होती. वरून स्कूटर, रिक्षा धावत होत्या. कोणी मान वळवूनही पाहत नव्हते.

मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, बरोबर होता. तो म्हणाला, "काय हा काठ! गटाराचे पाणी, बांधकामाचा राडारोडा, झुडपे. अमदावाद बघ. साबरमती कशी केली त्यांनी! आपल्याकडेही तसे काठ बांधावेत, वर कचेऱ्या, बँका, हॉटेले यावीत." त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेऊ शकले नाही. त्याचा मुलगा गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत नोकरीला आहे. 2015 पासून तिथे देशातले पहिले आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र चालते. मुलगा शनिवारी घरी येतो, रविवारी संध्याकाळी पिशवी उचलतो. "असले काही बडोद्यात असते तर पोरगा घरी जेवला असता," दादा म्हणाला. यात चूक काय आहे?

अहमदाबादचा रिव्हरफ्रंट मी पाहिला आहे. 2005 मध्ये काम सुरू झाले, 2012 मध्ये काठावरचे फिरण्याचे रस्ते लोकांना खुले झाले. संध्याकाळी तिथे कुटुंबे फिरतात, मुले सायकली चालवतात, छान वाटते. पण नदीचे पात्र सरसकट 263 मीटर रुंदीचे करून दोन्ही बाजूंना भिंती घातल्या, तेव्हा सुमारे 200 हेक्टर जमीन मोकळी झाली. काठावरच्या वस्त्यांतली हजारो कुटुंबे शहराच्या कडेला गेली. आणि त्या भिंतींमध्ये वर्षभर दिसणारे पाणी मुख्यतः साबरमतीचे नाहीच. ते कालव्याने आणलेले नर्मदेचे आहे. तिथल्या कठड्याला टेकून उभी असताना मला धडगावची बुडालेली शिवारे आठवली होती. ते पाणी कुठून येते हे आपल्या जिल्ह्याला तरी माहीत असायला हवे.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. वांद्रे-कुर्ला संकुल ज्या जागेवर उभे आहे, तिथे मिठी नदीच्या मुखाजवळची दलदल आणि खारफुटी होती. 1977 पासून एमएमआरडीएने तिथे भराव घालून वित्तीय केंद्र वसवले. शेअर बाजार, बँकांची मुख्यालये, हिरे बाजार, सगळे आले. मुंबईला त्याची गरजही होती. पण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आक्रसलेल्या मिठीला पसरायला जागा उरली नव्हती. तिने कुर्ल्यातली आणि कलिन्यातली घरे घेतली. पाऊस भयंकर होता हे खरेच. पण नदीची जागाही आपण आधीच घेऊन बसलो होतो.

विश्वामित्री तर साबरमतीसारखी रुंदही नाही. पावागडच्या डोंगरात उगम, अरुंद आणि खोल पात्र, बाजूला घळीच घळी. तिथले लोक त्यांना कोतरे म्हणतात. पूर आला की हे पाणी आधी कोतरांत आणि सखल जागांत शिरते, तिथे थांबते आणि सावकाश ओसरते. मगरी उन्हाळ्यात याच मातीच्या काठांत अंडी घालतात, बिळे करतात. दादाला जो काठ ओसाड दिसतो तो असा रात्रंदिवस कामावर असतो. काँक्रीटची भिंत घातली तर हे काम कोण करणार?

बडोद्यातही अहमदाबादच्या धर्तीवर रिव्हरफ्रंटची योजना होती. पर्यावरणाची काळजी असलेले नागरिक हरित लवादाकडे गेले. 2016 मध्ये कामाला स्थगिती मिळाली आणि 2021 च्या निकालात नदीची हद्द आखणे, अतिक्रमणे काढणे, सांडपाणी रोखणे यांवर भर दिला गेला. 2024 च्या पुरानंतर, 2025 मध्ये, सुमारे 24 किलोमीटर पात्र खोल आणि रुंद करण्याचे काम झाले. गाळ काढणे आवश्यक आहे. पण यंत्राने काठ सरळसोट कापत गेले तर कोतरांचे आणि मगरींचे काय, हा प्रश्न तिथले जाणकार विचारतात.

दुपारी आम्ही सयाजीबागेत बसलो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर सयाजीराव म्हणून बसला, आणि चारच वर्षांत, 1879 मध्ये, विश्वामित्रीच्या काठी ही बाग लोकांसाठी खुली झाली. पुराचे पाणी आजही बागेत शिरते, नुकसानही करते. पण चिखल काढला की बाग पुन्हा बाग होते. मावशीच्या सोफ्याचे, फ्रीजचे, मुलाच्या प्रमाणपत्रांचे तसे होत नाही. मी दादाला एवढेच म्हटले, "बँकांचे मनोरे शहरात कुठेही उभे करता येतील. विश्वामित्रीला दुसरी जागा कुठे आहे?"

तो लगेच पटला असे नाही. रात्री जेवताना त्याने घर विकण्याचा विषय काढला. काठाचा विकास झाला तर भाव चांगला येईल, थोडे थांबावे, असे त्याचे गणित. मावशी पोळी लाटता लाटता ऐकत होती. म्हणाली, "घेणाऱ्याला ती रेघ दाखवशील ना?"

दादा काही बोलला नाही. निघताना मी पाहिले, त्या रेघेच्या बाजूला त्याने बारीक अक्षरांत पेन्सिलीने तारीख लिहिली होती.