मढ ते नारायणगाव : नव्या गाडीची पहिली फेरी

माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात शिरले की पहिल्यांदा पाणी आणि भात दिसते. खुबी फाट्यापासून पिंपळगाव जोगा धरणाचा फुगवटा रस्त्याच्या सोबतीने चालतो, अलीकडे खाचरे, पलीकडे डोंगर. मढ, डिंगोरे, उदापूर अशी गावे मागे टाकीत ओतूरला पोचेपर्यंत भात संपून कांदा सुरू झालेला असतो. आळेफाट्याला कल्याण-नगर रस्ता पुणे-नाशिक रस्त्याला छेदतो. तेथून उजवीकडे वळायचे, पिंपळवंडीजवळ कुकडी ओलांडायची, की आले नारायणगाव. जाऊन-येऊन शंभराच्या आतबाहेर किलोमीटर होतात.

वाचक मंडळी, ही वाट एवढ्यासाठी सांगतो की मढकडच्या वाड्यावस्त्यांवर नवी मोटारसायकल घेतली की महिन्याभरात घरात एक वाद हमखास होतो. पहिले सर्व्हिसिंग शोरूमला करायचे की गावातल्या गॅरेजात? म्हातारे म्हणतात, "मोफत आहे म्हणता, मग सहाशे रुपये कशाचे मागतात?" पोरगा म्हणतो, "एवढ्या लांब जाऊन दिवस मोडायचा, पेट्रोल जाळायचे, त्यापेक्षा फाट्यावरचा मेकॅनिक दोनशेत ऑइल बदलून देईल." दोघांचेही म्हणणे अगदीच खोटे नाही, म्हणूनच वाद मिटत नाही.

मोफत असते ती मजुरी. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात बहुधा तीन ते पाच कुपने असतात; त्या फेऱ्यांना कामाचे पैसे घ्यायचे नाहीत असा त्याचा अर्थ. ऑइल, फिल्टर, वॉशर, ग्रीस आणि त्यावरचा कर हा मात्र तुमचाच खर्च. साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला तो साधारण पाच-सातशेच्या घरात जातो. तेव्हा बिल झाले म्हणून फसवणूक झाली असे नाही. बिलात 'लेबर' म्हणून रक्कम लावली असेल तर मात्र तिथेच बोट ठेवा.

आता पाचशे-सातशे किलोमीटरच चाललेल्या गाडीचे ऑइल बदलायचे कशाला? नवा नांगर पहिल्या दिवशी जड चालतो आणि चार एकर झाल्यावर फाळ चकचकीत होऊन हलका जातो, हे तुम्ही पाहिले आहे. इंजिनातही पिस्टनच्या रिंगा, सिलिंडर, गिअरचे दाते एकमेकांना घासून बसतात. त्या घासण्यातून निघणारा धातूचा बारीक चुरा ऑइलमध्ये उतरतो. तेच ऑइल पुढे चालवले तर चुराही इंजिनात फिरत राहतो. शिवाय नवी चेन पहिल्या काही दिवसांतच सैल पडते, नटबोल्ट ढिले होतात, क्लच-ब्रेकची ओढ बदलते. आपल्या रस्त्यांना तर हे सांगायलाच नको. म्हणून बहुतेक कंपन्या पाचशे ते हजार किलोमीटर किंवा एक-दोन महिने, यांतले जे आधी येईल ते, अशी मुदत घालतात. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तकात पाहा. शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका.

मेकॅनिकबद्दल मला आदरच आहे. आपल्या भागातल्या गाड्या त्याच्याच हातावर चालतात. पण पहिल्या फेरीला तो एक गोष्ट देऊ शकत नाही, ती म्हणजे पुस्तकात शिक्का. इंजिनाच्या हमीच्या अटींत ठरलेल्या मुदतीत अधिकृत ठिकाणी सर्व्हिसिंग झालेले असावे, असे बहुधा लिहिलेले असते. शिवाय एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सहा गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले आहे. त्यातला दोष शोधायला यंत्र जोडावे लागते आणि ते प्रत्येक फाट्यावर नसते. डिंगोऱ्याकडच्या एका कुटुंबाने दुधाच्या किटल्या वाहायला गाडी घेतली होती. पहिल्या दोन्ही फेऱ्या चुकल्या. आठव्या महिन्यात इंजिन धुराडे झाले, तेव्हा शोरूमने पुस्तक उघडले, कोरी पाने दाखवली आणि हात वर केले. दूध ऐन भरात होते. घरच्या बाईने पंधरा दिवस किटल्या एसटीने नेल्या आणि दुरुस्तीसाठी शेळ्या विकाव्या लागल्या. सहाशे रुपयांचा हिशेब त्या घरी कोणी पुन्हा काढला नाही.

तेव्हा जा, पण डोळे उघडे ठेवून जा. काउंटरवरचा पोरगा टेफ्लॉनचा थर, खास पॉलिश, ऑइलात घालायचे पूरक द्रव्य असे काहीबाही सुचवील. खताच्या गोणीबरोबर गळ्यात टॉनिकची बाटली मारतात, त्यातलाच हा प्रकार. नव्या गाडीला यातले काही लागत नाही. 'नको' म्हणा आणि ते कामाच्या कागदावर लिहून घ्या. ऑइलची बाटली डोळ्यांदेखत उघडायला सांगा, छापील किंमत बिलाशी ताडून पाहा, किलोमीटरच्या आकड्यासह शिक्का घ्या. कुपनावरही मजुरी घेतलीच आणि तक्रार कोणी ऐकेना, तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. उरलेले ऑइल बाटलीत परत मागायला लाजू नका. पैसे तुम्ही मोजले आहेत. आणि घरी ट्रॅक्टरचे ऑइल आहे म्हणून ते मोटारसायकलला कधीही घालू नका. मोटारसायकलचा क्लच ऑइलातच बुडालेला असतो. चुकीच्या ऑइलाने तो घसरू लागतो.

दिवस मोडतो ही तक्रार खरी आहे, पण नारायणगावला तो सत्कारणी लावता येतो. आधी फोन करून सकाळचा पहिला नंबर लावा. आठवडे बाजाराचा दिवस टाळा. गाडी आत गेली की टोमॅटोच्या बाजारात एक चक्कर मारा. हंगामात क्रेटच्या थप्प्यांतून वाट काढावी लागते. जुलै २०२३ मध्ये इथेच वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव निघाला होता आणि इतर वर्षी याच क्रेटचा तोडणीखर्चही निघाला नाही, हे दोन्ही तुम्हाला ठाऊक आहे. ग्रामोन्नती मंडळाचे कृषी विज्ञान केंद्रही नारायणगावलाच आहे. भाताचे किंवा कांद्याचे रोगट रोप कागदात गुंडाळून सोबत न्या, तिथल्या तज्ज्ञांना दाखवा. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोपेक्षा हातातले पान जास्त बोलते.

परतताना आळेफाट्याचा चढउतार आणि ट्रकांची वर्दळ आहे. गाडी अजून नवीच आहे. दोन किटल्या आणि तिघे असा भार अजून काही दिवस नको, आणि चढाला वरच्या गिअरमध्ये इंजिन रडवू नका. ओतूरला चहाला थांबाल तेव्हा इंजिनाखाली वाकून पाहा. ऑइलचा बोल्ट नीट बसला नसेल तर एवढ्या अंतरात थेंब दिसू लागतो. दिसलाच, तर तिथूनच शोरूमला फोन करा. मढ गाठेपर्यंत वाट पाहू नका.