कानातली उतरंड

आम्ही चौघी एका खोलीत राहतो आणि चौघींचं एका बँडवर एकमत नाही. एकीला येस हवं, एकीला लेड झेपेलिन, एकीला पिंक फ्लॉइड. मला ब्लॅक सॅबथ. स्पीकर एकच, त्यामुळं भांडण रोजचं. त्या भांडणाचं मला काही वाटत नाही. पण बाहेरून दोन प्रकारची माणसं येऊन आमच्या कानांची परीक्षा घेतात. त्यांच्याशी बोलायचंय.

पहिला माणूस आपलाच. चळवळीतला, वयानं मोठा, आदर वाटावा असा. तो म्हणतो, "पोरींनो, हे गोऱ्यांचं किंचाळणं कशाला? आपली शाहिरी काय मेली का?" दुसरा माणूस कॉलेजातला. त्याच्या घरी वडिलांच्या वेळच्या रेकॉर्डी आहेत. त्यानं विचारलं, काय ऐकतेस? म्हटलं, ब्लॅक सॅबथ. तो हसला. "सुरुवातीला ठीक आहे गं. पण पुढं प्रोग्रेसिव्हकडं यायला पाहिजे. कान तयार व्हावा लागतो."

म्हणजे एक सांगतो, हा कानच तुझा नव्हे. दुसरा सांगतो, कान तुझा, पण कच्चा. आपली पायरी दोघांनी परस्पर ठरवून टाकली.

आधी हा प्रोग्रेसिव्ह शब्द बघू. आपल्याला वाटतं, प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुरोगामी. तसं काही नाही. 1960च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडातल्या काही पोरांनी तीन मिनिटांचं रॉक गाणं ताणून लांब केलं. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि जॅझ त्यात घातलं, ताल मधेच बदलले. किंग क्रिमझनची पहिली रेकॉर्ड ऑक्टोबर 1969ची. येसच्या 1972च्या 'क्लोज टू द एज'मध्ये एकच गाणं रेकॉर्डची अख्खी एक बाजू खातं, अठरा मिनिटांच्या वर. शब्द आहे तो बांधणीबद्दल. त्याचा माणुसकीशी संबंध नाही. असलाच तर योगायोग.

आता माझं सांगते. टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. सतरा वर्षांचा असताना कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रानं त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. पोरगा डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं. तारा हलक्या घेतल्या, पुढं 1971च्या सुमाराला त्या सैलही केल्या. सूर खाली गेला, जड झाला. त्या जड आवाजातून पुढं हेवी मेटल नावाचं सगळं घराणं निघालं. गाणारा ऑझी ऑस्बर्न काही काळ कत्तलखान्यात राबलेला. त्यांची पहिली रेकॉर्ड जवळजवळ एका दिवसात झाली आणि फेब्रुवारी 1970मध्ये बाजारात आली. ज्या ॲस्टन भागात ही पोरं वाढली तिथंच, व्हिला पार्कवर, 5 जुलै 2025ला ते शेवटचं वाजवले. त्यानंतर सतरा दिवसांनी ऑझी गेला.

माझ्या मामाचं एक बोट भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये गेलं. मालकानं आठ दिवसांची रजा दिली, नवव्या दिवशी मामा परत मशीनवर. जेवताना तो भाकरी कशी मोडतो ते मी लहानपणापासून बघत आलेय. त्यामुळं आयोमीची गिटार ऐकताना मला कुणी कान तयार करून द्यावा लागत नाही. कान घरीच तयार झाला.

पण म्हणून मी असं म्हणणार नाही, की सॅबथ तेवढं कष्टकऱ्यांचं आणि प्रोग्रेसिव्ह सगळं श्रीमंतांचं. तो सोपा हिशेब टिकत नाही. जेनेसिस खरंच चार्टरहाउस या बड्यांच्या शाळेत जमलं. गॅब्रिएल, बँक्स, रदरफर्ड तिथलेच. पण येसचा गायक जॉन अँडरसन लँकशरच्या ॲक्रिंग्टनचा. त्यानं शेतावर काम केलं, ट्रक चालवला, दारोदार दूध टाकलं. आमच्या खोलीतली येसवाली मला हे महिन्यातून एकदा तरी ऐकवते. ती गणित शिकते. ताल कुठं मोडला, कुठं जुळला, ते बोटांवर मोजते. मी एकदा वैतागून विचारलं, "बाई, एवढं लांबण कशाला लागतं तुला?" ती म्हणाली, "घरी मला सलग अठरा मिनिटं कुणी कधी दिली होती का? उठ, पाणी आण. उठ, पोरगं घे. इथं अठरा मिनिटं कुणी उठवत नाही." आता ह्यावर काय बोलणार? तिची आवड तिच्या जगण्यातून आली, माझी माझ्या.

झेपेलिनवालीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हलगी. ती ढोलकरी जॉन बोनमसाठी ऐकते, बाकीच्यांकडं तिचं लक्षच नसतं. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधला ढोल एका जुन्या घरात खाली वाजवला आणि मायक्रोफोन वर जिन्यात टांगले. तो घुमारा ऐकून ती म्हणते, "हे मोकळ्यावर वाजल्यागत वाजतंय." पण हे गाणं मुळात झेपेलिनचं नव्हे. 1927 साली मिसिसिपीला महापूर आला, बांध फुटले, हजारो काळ्या कुटुंबांचं होतं-नव्हतं वाहून गेलं. त्यावर मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांनी 1929मध्ये हे गाणं केलं. मिनी काळी बाई, स्वतः गिटार वाजवणारी. झेपेलिननं 1971मध्ये निदान तिचं नाव तरी छापलं. विली डिक्सनच्या वाट्याला तेही आलं नाही. त्याचं 'यू नीड लव्ह' मडी वॉटर्सनं 1962मध्ये गायलं होतं. 1969च्या 'होल लोटा लव्ह'मध्ये त्यातलं बरंच उचललं आणि नाव दिलं नाही. डिक्सननं 1985मध्ये दावा लावला, 1987मध्ये तडजोड झाली, आता त्याचं नाव गाण्याखाली आहे. अठरा वर्षं लागली. डिक्सननं ब्लूजच्या कलावंतांना त्यांचे हक्क मिळवून द्यायला एक संस्थाच उभी केली.

आमची झेपेलिनवाली हे सगळं जाणते. तरी ऐकते. ऐकते आणि नवीन पोरीला गाणं ऐकवताना आधी मिनीचं नाव सांगते, मग बोनमचं.

फ्लॉइडवालीचंही तसंच. 'द डार्क साइड ऑफ द मून' 1973ची. तिच्यात क्लेअर टोरी नावाची बाई शब्दांवाचून नुसत्या आवाजानं गाते. त्या कामाचे तिला तीस पौंड मिळाले. तिनं 2004मध्ये दावा लावला, 2005मध्ये तडजोड झाली आणि गाण्याच्या रचनेत तिचं नाव आलं. त्याच फ्लॉइडचं 1979चं शाळेवरचं गाणं दक्षिण आफ्रिकेतल्या पोरांनी उचललं. हलक्या प्रतीच्या शिक्षणाविरुद्ध 1980मध्ये त्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला आणि हे गाणं रस्त्यावर म्हटलं. सरकारनं त्यावर बंदी घातली. त्याच देशात चार वर्षांनी, ऑक्टोबर 1984मध्ये, क्वीन हा बँड सन सिटीला जाऊन वाजवून आला. जगभरचे कलावंत वर्णभेदी राजवटीवर बहिष्कार पुकारून बसले असताना. गायक फ्रेडी मर्क्युरी झांझिबारला जन्मलेला पारशी, शिकला आपल्या पाचगणीत. त्याचा आवाज मला आजही आवडतो. सन सिटी आवडत नाही. ह्या दोन गोष्टी एका तोंडानं बोलता येतात.

म्हणून त्या ज्येष्ठांना माझं सांगणं, दादा, शाहिरी मेलेली नाही. जलशाचं गाणं मला तोंडपाठ आहे. पण दुसऱ्या देशातल्या, यंत्रानं बोटं नेलेल्या माणसाचा आवाज माझ्यापर्यंत पोचला तर त्यात बाटण्यासारखं काय आहे? आपलं तेवढंच ऐक, ही हद्द आपल्याला कुणी आखून दिली होती ते तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

आणि रेकॉर्डीवाल्याला सांगते, तुझं किंग क्रिमझन मी ऐकलं. चांगलंय. मला सॅबथ जास्त आवडतं. कुठली पायरी चढायची राहिली म्हणून नव्हे. आवडतं म्हणून.

मित्रमैत्रिणींनो, आवडीवरून जोरात भांडा. पण वरचा कान आणि खालचा कान अशी उतरंड कुणी मांडायला लागला, तर तिथंच हटका. आणि कुठलंही गाणं मनापासून आवडलं, की दोन गोष्टी शोधा. आधी हे कुणी गायलं होतं, आणि पैसे कुणाला मिळाले.