यादी, चाचा आणि एक 'मान्य आहे'

आमच्या जमातीच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर आहे. दिवसभर त्यावर मोहल्ल्यातली पोरं स्कॉलरशिपचे फॉर्म भरतात, कुणी आधारची झेरॉक्स मारतं, कुणी निकाहची पत्रिका छापायला आणतं. आणि त्याच कॉम्प्युटरवर एक यादी होती. रमजानमध्ये जकातीतून कुणाला किती रक्कम गेली, कुणाच्या घरी रेशनचं किट पोचलं, याची. दोनशेच्या आसपास घरं. त्यात काही नावं अशी की ती त्या यादीत आहेत हे त्यांच्या सख्ख्या भावालाही माहीत नाही.

2024 च्या रमजानआधी खजिनदार चाचांनी मला बोलावलं. जुनं विंडोज रडतखडत चालायचं, शिवाय व्हायरसने भरलेलं. मी गेली कित्येक वर्षं ओपनसुसे टम्बलवीड वापरतो. तेच टाकू म्हटलं. बिघडलं तर कालच्या स्थितीवर परत नेता येतं, ही त्याची मोठी सोय. लिनक्समध्ये आतली यंत्रणा एक आणि पडद्यावर दिसणारा चेहरा वेगळा, असं निवडता येतं. मी चाचांना चार-पाच चेहऱ्यांची चित्रं दाखवली. त्यांनी डीपिनवर बोट ठेवलं. "ये अच्छा है. साफ दिखता."

दिसायला डीपिन खरंच देखणा आहे. खाली मधोमध चिन्हांची पट्टी, गोलसर कडा, मोठी अक्षरं. सत्तरीतल्या माणसाला पहिल्या दिवशी जमेल असा. पण तो जन्मला डीपिन याच नावाच्या चिनी लिनक्ससाठी. ओपनसुसेवर तो पाहुणा. स्वयंसेवकांनी खपून तो तिथे आणलेला. पाहुणा म्हटलं की थोडं इकडचं तिकडे होणारच, हे मी धरून चाललो होतो.

आठवड्याने चाचांचा फोन. "बेटा, इसमें मेरा खाता खुलताच नै."

यादी इतरांना दिसू नये म्हणून चाचांसाठी वेगळं खातं करायचं ठरलं होतं. सेटिंग्जमध्ये खात्यांचं पान उघडलं की नुसतं गोल गोल फिरत राहायचं. बटण दाबलं तर ते परत पहिल्या जागी. मी पॅकेजेस पुन्हा टाकली. नवा युजर करून पाहिला, काही नाही. डीपिनच्या घरच्या सेटिंग्जचा फोल्डर पुसला, तेही नाही. शेवटी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. सिस्टमची नोंदवही, म्हणजे जर्नल, उघडून ओळी वाचायला बसलो. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं: अमुक सेवेला हे नाव घेण्याची परवानगी नाही. आणि थोडं खाली, अमुक कृतीची नोंदच नाही.

हे जरा उलगडून सांगतो, कारण सगळी भानगड इथेच आहे. कॉम्प्युटरमध्ये वेगवेगळे प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ते डी-बस नावाच्या टपालातून. कुठल्या नावाने कोण पत्र घेऊ शकतो, याचे नियम छोट्या फायलींत लिहिलेले असतात. दुसरा आहे पोलकिट. तो दारावरचा राखणदार. साधा माणूस मालकाच्या हक्काचं, म्हणजे रूटचं, काही काम करायला निघाला की तो विचारतो, याला परवानगी आहे का, पासवर्ड मागू का? त्याच्याही फायली असतात. डीपिनची बरीचशी सेटिंग्ज मागे रूटच्या हक्काने चालणाऱ्या सेवांकडून कामं करून घेतात. स्वतःच्या घरी त्या फायली आपसूक जागेवर असतात. ओपनसुसेवर मात्र नियम असा की रूटच्या हक्काची अशी कुठलीही फाइल आत घ्यायची तर आधी त्यांची सुरक्षा टीम कोड वाचते, मग नाव मंजूर यादीत घालते. डीपिनच्या बऱ्याच फायलींना ती मंजुरी नव्हती. म्हणजे चेहरा आत आला होता, त्याच्या चाव्या वेशीवरच अडकल्या होत्या.

त्या वेळी मला हे अर्धवटच कळलं. तोडगा मात्र लगेच सापडला. त्याच रिपॉझिटरीत डीपिन-फीचर-एनेबल नावाचं एक पॅकेज होतं. ते चालवलं की एक मजकूर समोर येई, लायसन्स मान्य करा म्हणून येतो तसा. त्याचा मतितार्थ असा: सुसेच्या सुरक्षा टीमला डीपिनबद्दल शंका आहेत, पण ते नीट चालायला हवं असेल तर या फायली लागतील. मान्य आहे का?

मी 'मान्य' केलं. वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं. पण संध्याकाळचे सात वाजलेले, चाचा खुर्ची ओढून बाजूला बसलेले, आणि दोन तासांच्या खटपटीनंतर हाती आलेला उपाय. शिवाय पॅकेज अधिकृत जागेवरून आलेलं, म्हणजे कुणीतरी पाहिलेलंच असणार. पान उघडलं, खातं झालं, चाचांनी चहा मागवला.

गंमत म्हणजे, खातं करायला डीपिनचं पान लागतच नव्हतं. ओपनसुसेच्या यास्टमधून ते दोन मिनिटांत झालं असतं, मला ते येतही होतं. पण बिघडलेली गोष्ट दुरुस्तच करायची, या हट्टाला पेटलो होतो.

वर्ष गेलं. 7 मे 2025 ला सुसेच्या सुरक्षा टीमने जाहीर केलं की डीपिन डेस्कटॉप ओपनसुसेतून काढला जातोय. कारण तेच पॅकेज. 2021 पासून ते तिथे होतं आणि सुरक्षा टीमलाच त्याची खबर नव्हती. मंजुरीची तपासणी पॅकेज बांधताना आतल्या फायली बघते. इथे फायली अशा गुंडाळून ठेवलेल्या की तपासणीला त्या दिसूच नयेत, आणि वापरणाऱ्याने 'मान्य' म्हटलं की मग त्या जागेवर पसराव्यात. ज्याला मी 'कुणीतरी पाहिलेलं' समजलो होतो, ती नेमकी न पाहिलेली गोष्ट होती. आणि शेवटची सही माझी.

ते वाचून पोटात गोळा आला. आधीच्या वर्षांतल्या तपासण्यांत या टीमला डीपिनच्या भागांत काय काय सापडलं होतं, तेही मग शोधून वाचलं. 2019 चं एक उदाहरण डोक्यात राहिलं. डीपिनचं डिस्कची नक्कल करणारं अवजार रूटच्या हक्काने चालताना आपली नोंद एका ठरलेल्या नावाच्या फाइलमध्ये लिहायचं, आणि तीही सगळ्यांना मोकळ्या असलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये. म्हणजे सार्वजनिक चौकात तुमचा मुनीम रोज एकाच नावाच्या वहीत लिहितो. कुणीही आधी जाऊन त्या नावाची पाटी लावून तिला दुसऱ्याच वहीचा रस्ता दाखवू शकतो, मुनीम डोळे झाकून तिकडे लिहील. ते पुढे दुरुस्त झालं. आमच्या कॉम्प्युटरवर ते अवजार नव्हतंही. पण असला प्रकार करायला बाहेरून कुणी हॅकर यावा लागत नाही. त्या कॉम्प्युटरवर साधं खातं असलेला कुणीही पुरतो. आणि आमच्याकडे तर दिवसभर पोरं बसलेली.

ही बातमी आमच्या एका ग्रुपवर पोचेपर्यंत 'चिनी सॉफ्टवेअर हेरगिरी करतं' अशी झाली होती. मला ते पटलं नाही, तसं मी लिहिलंही. सुसेने त्या निवेदनात हेरगिरीचा आरोप केलेला नाही. त्यांची तक्रार ढिसाळ कोडची होती, वारंवार सांगूनही न सुधारणाऱ्या कामाची होती, आणि शेवटी चोरवाटेची होती. नाव आणि गाव बघून संशय घेणं काय असतं हे भाड्याने घर शोधताना आपण पुरेसं चाखलंय. निदान आपण तरी कोड वाचून बोलावं. ज्याने ती चोरवाट काढली त्या माणसाबद्दलही मला नुसता राग येत नाही. वर्षानुवर्षं फुकट राबायचं, मंजुरी अडकून पडायची, वापरणारे रोज विचारणार 'चालत का नाही?' मीच चार ओळी जर्नलच्या वाचून कंटाळलो होतो.

पण चाचांना सांगणं भाग होतं. असरनंतर ऑफिसात गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "यादी कुणी पाहिली का?"

"पाहिल्याची काही खूण दिसत नाही. पण कुणाला पाहता आलीच नसती, असं मला म्हणता येत नाही."

"आणि तू ते 'हो' म्हटलंस तेव्हा मी इथेच बसलो होतो."

"हो."

"मला विचारलं नाहीस."

खरंच नव्हतं विचारलं. मला वाटलं होतं हा टेक्निकल प्रश्न आहे, चाचांना काय कळणार. पण 'ज्यांचं काम राखणीचं आहे त्यांना यावर शंका आहे, तरी चालवू का?' एवढं त्यांना नक्की कळलं असतं. चाळीस वर्षं लोकांची अमानत सांभाळलेला माणूस तो.

दोन दिवसांत मशीन पुसून पुन्हा ओपनसुसे टाकलं, या वेळी एक्सएफसीई. दिसायला साधं, पण तिथल्या लोकांनी तपासून घेतलेलं. खाती यास्टमधून केली. चाचांना खालची चिन्हांची पट्टी हवीच होती, म्हणून प्लँक नावाची छोटी पट्टी लावून दिली. त्यावर ते खूश.

यादी परत टाकायची वेळ आली तेव्हा चाचांनी थांबवलं. आधी उघडून दाखव म्हणाले. नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल, आधार नंबर, 'कारण'. त्या शेवटच्या रकान्यात कुणीतरी मन लावून लिहिलेलं होतं: नवरा सोडून गेला, मुलाला डायलिसिस, कर्जात दुकान गेलं.

"आधार कशाला घेतलं आपण?" चाचा म्हणाले.

कुणालाच आठवेना. बहुतेक दुसऱ्या कुठल्या तरी फॉर्मवर होतं म्हणून.

बकरी ईद महिन्यावर आली होती. त्या संध्याकाळी आधारचा रकाना उडवला, 'कारण' उडवलं. नावांच्या जागी आकडे घातले. कुठल्या आकड्याचं घर कुठलं, हे चाचा एका जुन्या वहीत स्वतःच्या हाताने, उर्दूत लिहीत गेले आणि मी पडद्यावरून एकेक नाव वाचत गेलो. ऐंशीपर्यंत पोचलो तेव्हा इशाची अजान झाली. उरलेली उद्या, म्हणाले, आणि वही कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली.