न विचारता टिपलेला चेहरा

अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि सगळे कॅमेरे वधूवरांकडे वळतात. त्याच क्षणी मांडवाच्या कडेला वधूची आई पदराच्या टोकानं डोळे टिपत असते. बोटांना अक्षतांचं कुंकू लागलेलं असतं. लग्नाचं खरं चित्र मला तिथंच दिसतं. ‘इकडे बघा’ म्हटलं की चेहरा सावरतो आणि ते चित्र हरवतं. छायाचित्रकार एरिक सालोमन यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस एर्मानॉक्स कॅमेऱ्यानं युरोपातल्या मुत्सद्द्यांच्या बैठका फ्लॅशविना, नकळत टिपल्या. म्हणूनच त्या फोटोंतली माणसं आजही जिवंत वाटतात.

पण न विचारता टिपणं ही घुसखोरी नाही का? आक्षेप खरा आहे. मुत्सद्दी सार्वजनिक जीवनातले होते. ती आई नाही. आधी विचारलं तर क्षण मोडतो, हेही खरं. मग नंतर विचारावं. टिपण्याची मुभा प्रसंग देतो, पण इतरांना दाखवण्याची मुभा फक्त तो चेहराच देऊ शकतो. एवढ्या गर्दीत कुणाकुणाला विचारणार, असं कुणी म्हणेल; पण ग्रुपवर टाकण्याआधी एकदा दाखवायला मिनिटही लागत नाही. ते अश्रू तिचे आहेत. आधी तिला दाखवा. नको म्हणाली, तर पुसून टाका.