त्याच्या खिशातली डायरी

ती. दादास,


काल फोनवर तू फार चिडला होतास. "चौथा पोरगा गेला. या पिढीला कामच नकोय, आठशे रुपयांसाठी पळतात." तुझं बीपी वाढेल म्हणून मी गप्प बसले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून आज लिहायला बसले.

तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी नऊ दिवस मी तुझ्या भोसरीच्या शेडमध्ये होते. सव्वीस वर्षं मी मोठ्या कंपनीच्या पर्सोनेलमध्ये काढली, पण तिथं माणूस माझ्यापर्यंत यायचा तो अर्ज होऊन. राजीनाम्यात कारणाच्या रकान्यात बहुतेक जण 'घरगुती अडचण' लिहायचे आणि मी तो कागद फाइलला लावायचे. तुझ्याकडे केबिनची काच आणि मशीन यांत दहा फुटांचं अंतर. तिथून जे दिसलं ते नोकरीत असताना कधी दिसलं नव्हतं.

आता गेलेला तो उदगीरकडचा मुलगा. बावीस वर्षांचा, आयटीआय मशिनिस्ट, तुझ्या जुन्या व्हीएमसी मशीनवर. जॉब लावायचा, क्लॅम्प आवळायचा, दार ओढून सायकल स्टार्ट. पुढच्या चार मिनिटांत आधीच्या जॉबचे बर काढायचे, बोअरमध्ये गो-नो-गो गेज घालून बघायचं, पुसून ट्रेमध्ये ठेवायचा. दिवसभर हेच. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मधेच मशीन थांबवलं. सुपरवायझर ओरडत आला. तो म्हणाला, "इन्सर्ट गेलाय सर, आवाज बदललाय." काढून बघितलं तर खरंच कड उडालेली होती. नाहीतर पुढचे सगळे जॉब रिजेक्शनला गेले असते. काम नको असलेल्या माणसाला मशीनचा बदललेला आवाज ऐकू येत नाही, दादा.

सुपरवायझरनं इन्सर्ट बदलला, ऑफसेट घातला आणि त्याला सांगितलं, "तू फक्त बटण दाब." चौदा महिने तो तुझ्याकडे होता. चौदा महिन्यांत त्याला एकदाही कुणी ऑफसेट घालू दिला नाही. चहाच्या सुट्टीत तो मोबाइलवर प्रोग्रॅमिंगचे व्हिडिओ बघायचा. तू म्हणतोस, शिकवलं की पळतात. याला तर कुणी शिकवलंच नव्हतं. तो नव्या ठिकाणी गेला तो तिथले मशीन सेटरच्या हाताखाली शिकायला घेतो म्हणाले म्हणून. हे त्यानं मला स्वतः सांगितलं. आठशे रुपयांचा विषय त्यानं काढलासुद्धा नाही.

आणि ती डायरी. टूल डीलरनं वाटलेली, खिशात मावेल एवढी. शिफ्ट सुटली की जिन्याशी उभा राहून तो त्यात काहीतरी लिहायचा. मी विचारलं तर आधी खिशात घातली. मग दाखवली. तारीख, पुढे शिफ्टचं 'फ' (फर्स्ट) किंवा 'से' (सेकंड), पुढे जादा तास, अधिक चार, अधिक दोन. कामाला आलेल्या रविवारांना गोल. "महिन्याच्या शेवटी वाद नको, म्हणून मॅडम." वाद घालायचा म्हणून तो लिहीत नव्हता. त्याच्या हातात कुठलाच दुसरा कागद नव्हता. पगाराची स्लिप तू देत नाहीस. नियुक्तीपत्र दिलेलं नाहीस. मोटारसायकलच्या कर्जाला बँकेनं स्लिप मागितली तेव्हा तो रिकाम्या हातानं परत आला. गावाकडं लग्नाचं बघतात, तिथं मुलीकडचे पहिल्यांदा विचारतात, मुलगा परमनंट आहे का? तो काय सांगणार? आपण कोण आहोत हेच त्याला कुणी लिहून दिलेलं नाही.

तुला पिळवणूक करायची नाही, हे मला माहीत आहे. गेल्या पावसाळ्यात एकाच्या वडिलांना ॲडमिट केलं तेव्हा रात्री अकराला तू पैसे घेऊन गेला होतास. पण अडीअडचणीला धावून जाणं वेगळं आणि रोजचा व्यवहार ठरलेला असणं वेगळं. आपल्या पिढीला पहिलं मिळालं की दुसरं मागायची लाज वाटायची. या मुलांना वाटत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

तुझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शनिवारी रात्री साडेनऊला मेसेज येतो, 'उद्या रविवार चालू.' मुलं चिडतात ती जादा कामावर नाही. ओटी त्यांना हवीच असते. त्यांना ते शुक्रवारी कळायला हवं असतं. चैत्रात गावोगावी जत्रा असतात. आदल्या रात्री सुट्टी कळली तर एसटीचं रिझर्व्हेशन कधी करायचं? मग उभ्यानं जायचं नाहीतर ट्रॅव्हल्सवाला सांगेल ते द्यायचं.

आता आपल्या पोरीचं आठव. हिंजवडीहून आठ वाजता घरी आली तरी साडेनऊच्या कॉलला लॅपटॉप उघडून बसते. जेवणाचं ताट तसंच. तेव्हा तूच म्हणतोस, "या कंपन्यांना माणुसकी आहे की नाही?" ऑफिस सुटल्यावर आलेला फोन न घेण्याचा हक्क असावा, असं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. त्यावर तू जेवता जेवता म्हणाला होतास, हा कायदा व्हायलाच पाहिजे. तिचा साडेनऊचा कॉल आणि तुझा साडेनऊचा मेसेज एकच आहे, दादा. तिच्याकडे एसी आहे आणि याच्याकडे कुलंटचा वास, एवढाच फरक.

आणि हे काही आजचं नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाची ठरलेली वेळ, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला मदत. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. त्या मागण्या वाचताना माझ्या लक्षात आलं, त्यांतल्या बहुतेक घड्याळाच्या आणि तारखेच्या आहेत. काम कुठं संपतं आणि पैसे कधी येतात, एवढं त्या लोकांना ठरवून हवं होतं.

तुझी अडचण मला कळते. मोठी कंपनी शुक्रवारी संध्याकाळी शेड्यूल बदलते, त्याला तू काय करणार? पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळायचा कायदा असून तू तीन-तीन महिने थांबतोस. फोन केला तर 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणतात आणि त्या उत्तरानं तुझा दिवस खराब होतो. तेच उत्तर तुझा सुपरवायझर या मुलांना देतो.

कायद्याचंही सांगते, कारण ते माझं काम होतं. जादा कामाला दुप्पट दर १९४८ च्या कारखाना कायद्यातही होता. कामाच्या वेळांचा तक्ता दिसेल असा लावायचा, हेही त्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. दुप्पट दर तसाच आहे, नियुक्तीपत्र सगळ्यांना द्यायचं आहे आणि सोडून गेलेल्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. स्लिपचा नमुना मी एक्सेलमध्ये करून देते, अकाउंटंटला समजावायला एक दुपार पुरेल. शिफ्टचा चार्ट महिन्याचा नाही जमला तर आठवड्याचा लाव, आणि बदलला तर का बदलला ते तूच खाली येऊन सांग. सुपरवायझरलाही समजाव. मुलं शिकली तर आपली खुर्ची जाईल, ही भीती त्याच्या मनात आहे. ती तूच काढू शकतोस.

त्या मुलाचा हिशोब अजून झालेला नाही, असं अकाउंटंट म्हणाला. सोडून जायच्या आधी त्याच्या डायरीवरून मी ओटीचे तास उतरवून घेतले होते. अडतीस भरतात. तो कागद सोबत जोडला आहे. हजेरीच्या रजिस्टरशी ताडून बघ आणि दुप्पट दरानं त्याच्या खात्यात टाक. टाकलेस की त्याला फोन कर, तू स्वतः कर. नंबर कागदाच्या मागं आहे.

डोळ्यात ड्रॉप्स वेळेवर घालतोस ना? वहिनींना नमस्कार.

तुझी,
धाकटी