आजोबांच्या तबकड्या आणि बाबांचं तिकीट

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. बोरिवलीत राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. गेली सहा-सात वर्षं कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडं हे शब्द मीटिंगमधून थेट जेवणाच्या ताटापर्यंत आले होते. आणि मग एक दिवस खरोखरच नोटीस लागली. दोन महिन्यांत जागा रिकामी करायची आणि तीन वर्षं भाड्याच्या घरात राहायचं. (तीन हे बिल्डरच्या भाषेत. आपल्या भाषेत किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.)

आईने लगेच घरातल्या वस्तूंचे तीन भाग पाडले. न्यायच्या, द्यायच्या आणि टाकायच्या. पहिल्याच रविवारी गाडी अडली ती दिवाणाखालच्या तीन लोखंडी ट्रंकांवर. त्यात आजोबांच्या रेकॉर्ड्स. सगळ्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या जड तबकड्या. मी मोजल्या, ४१२ भरल्या. त्यातल्या दहा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या तर दोन किलो शंभर ग्रॅम. म्हणजे एकूण साधारण ८६ किलो, ट्रंका वेगळ्या.

"रद्दीवाला पण घेणार नाही," बाबा म्हणाले. "आणि वाजवायला आहे काय आपल्याकडे?"

ते खरंच होतं. ग्रामोफोनची स्प्रिंग माझ्या जन्माआधीच तुटली होती आणि तो कर्ण्यासकट एका नातेवाइकांच्या दिवाणखान्यात शोभेला गेला होता. त्यामुळे माझ्या लहानपणी आजोबांनी रेकॉर्ड लावलेली मला आठवतच नाही. आठवतं ते एवढंच की दर रविवारी दुपारी ते एखादी ट्रंक ओढायचे, एक तबकडी काढायचे, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने पुसायचे, चष्मा वर करून लेबल वाचायचे आणि परत ठेवायचे. रेकॉर्डचं हेच करायचं असतं असं मला बरीच वर्षं वाटत होतं!

आजोबा रेल्वेत कारकून होते, चर्चगेटला. राहायला आधी गिरगावात चाळीत, मग १९७६ साली बोरिवलीला. नव्या रेकॉर्डची चैन परवडायची नाही, म्हणून बहुतेक खरेदी चोरबाजारातली. प्रत्येक तबकडीच्या कागदी पाकिटावर त्यांनी पेन्सिलीने तारीख, किंमत आणि एखादा शब्द लिहून ठेवलाय. 'पगार झाला.' 'पाऊस.' 'घासाघीस करून.' सुरुवातीच्या सगळ्या किमती आण्यांत आहेत आणि एका ठिकाणी अचानक 'न.पै.' सुरू होतात. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, ती आजोबांच्या ट्रंकेतही वेळेवर पोचली.

तर मी बाबांना म्हटलं, दोन महिने द्या. मी सगळं डिजिटाइझ करतो, मग काय टाकायचं ते टाका. इंजिनिअर असल्याचा माज असतो माणसाला, दुसरं काय.

अंधेरीतून एक सेकंडहँड टर्नटेबल आणलं. त्यात ३३ आणि ४५ असे दोनच वेग, ७८ नाहीच. पण याला उपाय आहे. तबकडी ४५ वर वाजवायची, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची आणि सॉफ्टवेअरमध्ये १.७३३ पट वेग वाढवायचा (७८ भागिले ४५). सुईसुद्धा वेगळी लागते. ७८ ची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर ऐकू येते. तीन हजारांश इंचाची सुई मागवली आणि पहिल्यांदा स्वच्छ आवाज आला. बालगंधर्व. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, बाबा पेपरच वाचत राहिले.

मग हिशेब केला आणि माज उतरला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं मावतं. ४५ वर ते वाजायला सव्वापाच मिनिटं. ८२४ बाजू. म्हणजे नुसतं वाजवण्यातच एकाहत्तर-बाहत्तर तास. पुसणं, लावणं, नाव देणं वेगळं. माझ्याकडे होते आठ वीकेंड, त्यातले दोन रिलीजमध्ये जाणार हे आधीच माहीत. निवडणं भाग होतं.

म्हणून एक्सेल शीट केली आणि आधी प्रत्येक गाणं नेटवर शोधलं. इथे मला पहिला धक्का बसला. ज्या रेकॉर्ड्स आपल्याला खजिना वाटतात त्या बहुतेक सगळ्या सापडतात! बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर... माझ्या घसटलेल्या तबकडीपेक्षा चांगल्या प्रतीवरून कोणीतरी आधीच चढवलेल्या. उलट आजोबांच्या बालगंधर्वांच्या एका रेकॉर्डची एक बाजू वाजून वाजून पार राखाडी झालीये. त्या काळी पोलादी पिन असायची आणि तबकडीच्या लाखेत मुद्दाम खरखरीत पूड मिसळलेली असायची, म्हणजे पिन झिजून खाचेच्या आकाराची व्हावी. म्हणून बाजूगणिक पिन बदलायची. आजोबा काटकसरी माणूस. एकाच पिनवर किती बाजू काढल्या असतील कोण जाणे. दुसरी बाजू मात्र काळीभोर, कोरी करकरीत. म्हणजे आजोबांना कुठलं गाणं आवडायचं हे तबकडीकडे नुसतं बघून कळतं.

४१२ पैकी ६१ तबकड्या कुठेच सापडल्या नाहीत. त्यातल्या अकरांवर लेबल होतं 'यंग इंडिया'. हे नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. रेकॉर्ड म्हटलं की आपल्याला एचएमव्हीचा कुत्रा आठवतो.

शोधल्यावर कळलं की ही आपल्याच मुंबईची कंपनी. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, कारखाना वडाळ्याला. १९३५ ते १९५५ अशी वीस वर्षं चालली, हजारो गाणी काढली आणि बंद पडली. मोठे कलाकार मोठ्या कंपनीकडे, म्हणून यंग इंडियाने नव्या आणि हौशी गाणाऱ्यांना संधी दिली. एचएमव्हीची जुनी गाणी पुढे एलपीवर आली, कॅसेटवर आली, सीडीवर आली. यंग इंडियाच्या मागे कोणी उरलंच नाही, त्यामुळे ती गाणी पुन्हा निघाली नाहीत. जी आहेत ती लोकांच्या ट्रंकांत आणि माळ्यांवर. १९९० साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची संस्था सुरू झाली. तिचे सचिव डॉ. सुरेश चांदवणकर व्यवसायाने भौतिकशास्त्रज्ञ, टीआयएफआरमधले. त्यांनी संग्राहकांकडून अशा तबकड्या मिळवून ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने यंग इंडियाची बरीच गाणी डिजिटल करून ठेवली आहेत. म्हणजे गंमत बघा, बालगंधर्वांना माझी गरज नव्हती. गरज असलीच तर ती त्या अकरा तबकड्यांवरच्या, कोणालाच माहीत नसलेल्या माणसांना.

आणि नेमकी तिथेच मी माती खाल्ली.

अकरांपैकी एक भावगीताची. गाणारी मुलगी असावी, नावामागे 'कुमारी' आहे. पाकिटावर आजोबांनी लिहिलंय, 'आवाज लहान पण खरा.' पहिली बाजू रेकॉर्ड केली. खरखर खूप होती. म्हटलं दुसरी नीट साफ करून घेऊ. एलपी साफ करायला लोक आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात हे वाचलं होतं. लॅपटॉपचा स्क्रीन पुसायची बाटली घरात होती. कापडावर घेतलं आणि गोल गोल, प्रेमाने पुसलं.

कापड काळं झालं. आधी वाटलं, वा, काय मळ निघतोय! मग तबकडीकडे बघितलं. चकाकी गेली होती आणि वर दुधाळ चट्टा आला होता. सुई ठेवली तर भिंतीपलीकडे कोणीतरी गातंय असा आवाज, आणि मध्येच तोही बंद.

एलपी व्हिनाइलची असते. ७८ ची तबकडी लाखेची असते. आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हे मी नंतर वाचलं. बॅकअप न घेता प्रॉडक्शन सर्व्हरवर थेट कमांड मारणाऱ्या ज्युनिअरला मी गेल्याच महिन्यात अर्धा तास लेक्चर दिलं होतं, ते शब्दन् शब्द आठवलं.

बाबा मागे येऊन उभे होते. त्यांनी बाटली उचलून वास घेतला.

"अरे, सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये घोळवून पॉलिश करतो ते बघितलं नाहीस का कधी?"

मी काहीच बोललो नाही. मला वाटलं आता ऐकावं लागणार, तरी सांगत होतो टाकून दे वगैरे. पण बाबा आतल्या खोलीत गेले आणि कपाटातून एक लिफाफा घेऊन आले.

आत एक तिकीट. मायकल जॅक्सन, १ नोव्हेंबर १९९६, अंधेरी.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मायकल जॅक्सनचा भारतातला एकमेव कार्यक्रम आपल्या अंधेरीत झाला, शहाजी राजे क्रीडा संकुलात. आयोजक शिव उद्योग सेना. विमानतळावर सोनाली बेंद्रे नऊवारी नेसून ओवाळायला गेली होती, तो फोटो अजून फिरतो. हे सगळं मला माहीत होतं. माझे बाबा तिथे होते हे माहीत नव्हतं! तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे. आज मी आहे तेवढेच. नुकतंच लग्न झालेलं. दिवाळीच्या बोनसमधून तिकीट काढलं आणि घरी सांगितलं ओव्हरटाइम आहे. (हे आईलाही त्याच दिवशी कळलं. त्यावर वेगळा लेख होईल.)

तिकीट लॅमिनेट केलेलं होतं. कायम टिकावं म्हणून बाबांनी दुसऱ्याच दिवशी स्टेशनजवळ करून घेतलं होतं. आता त्याच्या कडांना हवा शिरलीये, प्लास्टिक पिवळं पडलंय आणि उष्णतेने चिकटलेलं असल्यामुळे काढायला गेलं तर कागदच फाटेल. जुन्या कागदांचं लॅमिनेशन करू नये, साध्या पारदर्शक पाकिटात ठेवावं, हेही मी नंतर वाचलं. "मी पण जपायलाच गेलो होतो," बाबा म्हणाले.

मी लिफाफा उलटा केला. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं : 'दि. १-११-९६. अंधेरी. रात्री १॥ वाजता परत. खूश दिसला.'

अक्षर आजोबांचं.

म्हणजे ओव्हरटाइमची थाप आजोबांपुढे टिकली नव्हती. ते जागे होते. ज्या माणसाने जन्मभर नाट्यसंगीताशिवाय काही ऐकलं नाही, त्याने मुलाच्या तिकिटाचीही आपल्या रेकॉर्डसारखीच नोंद करून ठेवली होती. बाबांनी ते आधी वाचलं होतं का, मी विचारलं नाही. ते बराच वेळ लिफाफा हातात धरून बसले होते.

असो.

त्यानंतर ट्रंकांचा वाद झाला नाही. बसून ठरवलं. ६१ तबकड्या, त्या राखाडी बालगंधर्वांसकट, एका ट्रंकेत आमच्याबरोबर येणार. उरलेल्या एका संग्राहकाला द्यायच्या. तो माझ्यासारखी बाटली घेऊन बसणार नाही याची खात्री करून घेतली. प्रत्येक पाकिटाचा फोटो मात्र मी काढून ठेवला, सगळ्या ४१२ चा. गाणी कोणाकडेही सापडतील. 'पाऊस' आणि 'घासाघीस करून' फक्त आमच्याकडे होतं. हे काम बाबांनी आणि मी मिळून तीन रात्रींत केलं. ते पाकीट धरायचे, मी फोटो काढायचो. मध्येच ते वाचायला लागायचे आणि मग तासभर काहीच व्हायचं नाही.

शनिवारी सामान हललं. ट्रंक टेम्पोत चढवताना बाबा हमालाला म्हणाले, "भाऊ, जरा जपून, आतल्या उभ्या लावल्यात, आडवी करू नका." उभ्या ठेवायच्या हे त्यांना कोणी सांगितलं? मी तरी नाही.

मंडळी, तुमच्याही माळ्यावर अशी ट्रंक असेल तर तीन गोष्टी. एक, ७८ च्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर काहीही लावू नका. मऊ कोरडं कापड, फार तर लेबल सांभाळून थोडं शुद्ध पाणी. दोन, एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा आणि ओल व ऊन दोन्हीपासून लांब. तीन, रद्दीत द्यायच्या आधी लेबल वाचा. मोठ्या नावांची काळजी घ्यायला जग बसलंय. ज्याचं नाव तुम्ही कधीच ऐकलं नाही, त्याची प्रत कदाचित तुमच्याकडचीच असेल.

त्या कुमारीची एक बाजू आता चार ठिकाणी सेव्ह आहे. दुसरी बाजू कोणाच्या तरी ट्रंकेत असेल, असं मी धरून चाललोय.